होडीच्या बुडाची रंगरंगोटी

तीर्थस्वरूप वहिनींना,

शिरसाष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द मी सवयीनं लिहिते. या खेपेला अनुभवानं लिहिते आहे. आपल्या घरातली कर्ती माणसं गेले काही आठवडे जमिनीवर आडवीच असतात आणि त्यांच्या नाकाला रंग लागलेला असतो.) तुमचा खोकला कसा आहे? भाऊजींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो का, की अजून प्रत्येक वस्तूसाठी तुम्हालाच वर पळवतो? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे तिघंही जिवंत आहोत, एकमेकांशी बोलतो आहोत आणि दोनदा आंघोळ करूनही अंगाला थिनरचा वास येतो आहे. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नका. उशिराचं कारण आमच्या फाटकाच्या आत पालथं पडलं होतं. त्याचीच हकीकत सांगायला बसले आहे, तेव्हा गॅस बंद करून मगच पुढे वाचा.

मामंजींची ॲल्युमिनियमची होडी तुम्हाला आठवत असेलच. (तुम्ही तीत एकदाच बसलात आणि उतरल्यावर “वारं छान होतं” एवढंच म्हणालात. मामंजी ते होडीचं कौतुक समजून अजून पाहुण्यांना सांगतात.) सासूबाई गेल्यापासून त्यांचं जे काही आहे ते या होडीतच आहे. खाडीत जायचं, इंजिन बंद करून बसायचं, आणि मासा न आणता परत यायचं. त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण गेल्या मोसमात ते एकटेच गेले आणि परत आले ते होडीच्या नाकाला परातीएवढा पोचा घेऊन. विचारलं तर म्हणाले, “धक्का पुढे आणलाय. कुणाला न विचारता.” सिमेंटचा धक्का, वहिनी! त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्यांनी बोट बांधायच्या खांबाला हात करून “काय, कसं काय?” असं विचारलं आणि खांब काही बोलला नाही म्हणून हल्लीच्या माणसांना रीतभात राहिली नाही, असं घरी येऊन जेवताना बोलले. आम्ही दोघांनी ताटात बघून जेवण केलं. डोळ्यांचं काहीतरी आहे, हे मला कळलं, यांना कळलं, मला वाटतं ताटातल्या आमटीलाही कळलं. पण बोलणार कोण? आपल्या या घराण्यात वडिलांना ‘नको’ म्हणायची पद्धत नाही. ‘बघू’ म्हणायची आहे. आणि एकदा ‘बघू’ म्हटलं की कुणी बघत नाही.

तर यंदा मोसम सुरू व्हायच्या आधी होडी पाण्याबाहेर काढली, तेव्हा बुडाला हिरवं शेवाळ, त्यावर धारदार शिंपल्यांचा थर, आणि जुना रंग पापुद्र्यांनी सुटलेला. धक्क्यावरचा होडीवाला म्हणाला, माझ्याकडे सोडा, करून देतो. त्यावर आमचे हे छाती पुढे काढून म्हणाले, “नको. बुडाला रंग आम्हीच देणार. घरच्या घरी.” वहिनी, लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं घरात एक खिळासुद्धा आपण होऊन ठोकलेला नाही. (ठोकला तो एकदा, तोही पाण्याच्या पाइपात.) यांचं ऑफिस तुम्हाला माहीत आहे, आलेला कागद या टेबलावरून त्या टेबलावर आणि त्या टेबलावरून पुन्हा या टेबलावर, असं तिथलं काम. अशा माणसाला अचानक एवढा हुरूप आला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण बायकांची अक्कल नेमकी नवऱ्याच्या उत्साहापुढे झोपी जाते.

होडी टेम्पोतून घरी आली आणि फाटकाच्या आत दोन लाकडी घोड्यांवर पालथी घातली. फाटकाच्या आत म्हणजे अगदी आतच. तिच्यामागे माझी स्कूटर अडकली. त्या दिवसापासून मी बेकरीत पायी जाते. (हो, अजून तिथेच आहे, केकवर क्रीमची नक्षी काढायला. माझे गुलाब सुधारलेत.) येणाराजाणारा होडीला वळसा घालून दारापर्यंत येतो, कुरिअरवाला तर वळसाही न घालता पाकिटं तिच्या बुडावर ठेवून जातो. आणि शेजारचे गृहस्थ, ज्यांना गल्लीत सगळे ‘सल्लागार’ म्हणतात, ते पहिल्या दिवशीच खुर्ची घेऊन आले. ते जन्मात होडीत बसलेले नाहीत, त्यांना पाण्याची भीती वाटते, पण होडीच्या बुडाबद्दलचं त्यांचं ज्ञान बिनबुडाचं आहे असं म्हणायची सोय नव्हती, कारण ते बोलायचे थांबतच नव्हते.

पहिले काही दिवस रंग कुठला द्यायचा यावर गेले. यांना लाल हवा होता. भाऊजींनी तुमच्याकडून फोन करून निळा सांगितला. (अर्धी होडी आपली म्हणून की काय, त्यांनी ‘माझ्या अर्ध्याला निळा’ असंही म्हणून बघितलं.) मामंजी म्हणाले, जुना होता तोच. जुना कुठला होता हे शेवाळामुळे कुणालाच सांगता येईना. सल्लागार म्हणाले, पांढरा, म्हणजे ऊन परावर्तित होतं. मी भाजी चिरता चिरता विचारलं की अहो, जी बाजू जन्मभर पाण्याखाली राहणार, जी फक्त माशांना दिसणार, तिच्या रंगावरून एवढी खलबतं कशाला? तेव्हा चौघंही (भाऊजी फोनवर होते) माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, जणू मी देवाच्या मूर्तीची मागची बाजू कशाला घडवायची, असं विचारलं होतं.

मग खरवडणं सुरू झालं. हे पॉलिश पेपर घेऊन बसायचे, हात दोनदा फिरवायचे आणि उठून लांबून बघायचे. ऑफिसातून येऊन जेवढं घासायचे, त्याच्या दुप्पट बघायचे. मामंजी सकाळपासून खुर्ची टाकून होडीला टेकून असायचे. हे घरी आले की मामंजी बुडावरून तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, “इथं खडबडीत आहे. परत घास.” हे मुकाट्यानं परत घासायचे. मी मनात म्हणायची, म्हातारा किती काटेकोर! एका शनिवारी हे म्हणाले, आता झालं, प्रायमर लावू. मामंजी म्हणाले, हवा दमट आहे. सोमवारी हवा कोरडी होती, तर हे म्हणाले, आज ऑफिसात दमलो. तोवर घासलेल्या पत्र्यावर पुन्हा मळकट थर धरला (ॲल्युमिनियम उघडं ठेवलं की असं होतं, घासलं की लगेच प्रायमर लावावा लागतो, हे मला आता झोपेतही सांगता येईल) आणि सगळं परत पहिल्यापासून. असं कितीदा झालं विचारू नका. नवीन घर बांधून झालं असतं.

शेवटी एकदा सल्लागारांनी कुठल्याशा ओळखीच्या माणसाकडून जहाजाला लावायचा रंग मिळवून दिला. भलामोठा डबा. यांनी तो असा मिरवत आणला जसा घरात जावई आणलाय. शेवाळ धरत नाही, शिंपले चिकटत नाहीत, एकदा लावला की बघायला नको! मी बेकरीत वीस वर्षं काढली, त्यामुळे डबा दिसला की त्यावरचं वाचायची मला खोड आहे; एकदा न वाचता पिठीसाखरेऐवजी भलतंच घातलं होतं, ते गिऱ्हाईक अजून दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडतं. तर मी डबा फिरवून वाचला. लाल अक्षरांत, चौकटीत लिहिलेलं होतं की यात तांबं आहे आणि हा रंग ॲल्युमिनियमला लावू नये, पत्रा खाल्ला जातो. मी धावत बाहेर गेले. हे दुसरा हात मारत होते. म्हटलं, अहो, थांबा, हा रंग लावला आणि होडी खाऱ्या पाण्यात गेली की पत्र्याची चाळण होईल! वहिनी, यांनी ब्रश खाली ठेवला नाही. मामंजी आत गेलेत का, हे वळून बघितलं आणि हळूच म्हणाले, “माहीत आहे. म्हणून तर आणला.”

मी तिथेच सल्लागारांच्या खुर्चीवर बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तो हुरूप, ते दोनदा घासून चारदा बघणं, ते ‘आज दमलो’. हा माणूस जाणूनबुजून काम बिघडवत होता. चुकीचा रंग लावायचा, मग तो चुकीचा निघाला म्हणून खरवडायचा, खरवडेपर्यंत मोसम संपवायचा; होडी पाण्यात गेली नाही की बाबा पाण्यात जाणार नाहीत. “मग त्यांना सरळ सांगा ना, की एकटे जाऊ नका म्हणून,” मी म्हटलं. तर मला म्हणतात, “तू सांगतेस का?” म्हणजे बघा, जन्मभर ऑफिसात कागद पुढे ढकलण्याची जी कला शिकले, ती पहिल्यांदा घरच्या उपयोगी आणली, तीही स्वतःच्या बापावर. मला राग यायला हवा होता. आला नाही. माझं लक्ष यांच्या हाताकडे गेलं. बोटांची सालं गेली होती. खोटं काम करतानाही माणूस खरंच सोलवटला होता.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. मामंजींना चहा द्यायला बाहेर गेले, तर ते त्या ओल्या रंगाशी नाक नेऊन बसलेले. मी म्हटलं, मामंजी, रंग लागेल. ते म्हणाले, “तांब्याचा आहे ना हा?” मी चहा पुढे केला. “वासानंच कळलं मला. आमच्या वेळीही यायचा.” मग कप दोन्ही हातांनी धरून म्हणाले, “त्याला सांगू नकोस. हौसेनं करतोय. चूक कळली की परत खरवडेल. खरवडू दे. काय घाई आहे?” मी विचारलं, पण मग होडी पाण्यात कधी घालायची? त्यांनी कपातली साय बोटानं बाजूला केली. मग म्हणाले, “होडी तयार झाली की तो म्हणणार, बाबा, चला. चला म्हटल्यावर मी काय सांगू?” आणि चहा पिऊन टाकला. वहिनी, चहा निवलेला होता, तरी त्यांनी फुंकर मारली.

म्हणजे आपल्या घरात एक होडी पालथी होती, मुलगा बापाला पाण्यावर जाऊ द्यायचं नाही म्हणून ती रंगवत नव्हता, बाप मुलाला ‘मला आता येत नाही’ हे सांगावं लागू नये म्हणून ती रंगवू देत नव्हता, दोघंही एकमेकांपासून लपवून मन लावून काम करत होते, आणि मी पायी बेकरीत जात होते. एकट्या सल्लागारांना खरंच वाटत होतं की होडीला रंग द्यायचा आहे. आणि ते चाललं असतं, अगदी मोसम संपेपर्यंत चाललं असतं, मीही चालू दिलं असतं. पण त्या खुर्चीत मामंजी दिवसेंदिवस लहान दिसायला लागले होते. जेवायला उठवलं तर “भूक नाही” म्हणायचे, आणि पत्र्यावर हात ठेवून तसेच बसायचे. होडी बाहेर ठेवली म्हणून माणूस बुडायचा वाचला, हे खरं. पण तो कोरडा पडत चालला होता, त्याचं काय?

तेव्हा मी एक दिवस रजा टाकली आणि धुळीचं कारण सांगून मामंजींना आत बसवलं. हे ऑफिसात गेल्यावर तांब्याचा रंग पार खरवडून काढला (तोंडाला फडकं बांधून, सल्लागार म्हणाले दरोडेखोर दिसताय), पत्रा उजळेपर्यंत घासला, धुतला, पुसला, आणि लगेच प्रायमर. दुकानातून ॲल्युमिनियमचा म्हणून वेगळा रंग मिळतो तो आणला. दुकानात काळा एकच उरला होता, त्यामुळे लाल-निळ्याचा निकाल लागला. क्रीम चढवणाऱ्या बाईला रंग चढवायला काय, अशा तोऱ्यात मी रोलर घेतला. पहिल्या हाताला ओघळ आले ते आले. पाण्याच्या रेषेवर चिकटपट्टी लावायला दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून सल्लागारांना धरायला दिलं आणि ते बोलता बोलता हळूहळू खाली गेले. त्यामुळे आता होडी सरळ उभी असली तरी एका अंगाला कललेली दिसते. कालच धक्क्यावर एकानं ओरडून सांगितलं, “पाणी शिरतंय!”

संध्याकाळी हे घरी आले, काळं बूड बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. मामंजी नुकतेच बाहेर येऊन बसले होते, ते खुर्चीत ताठ झाले. दोघांनीही एकाच वेळी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दोघांचंही घर जाळलं होतं. मी आधीच ठरवून ठेवलं होतं ते म्हणून टाकलं: “मामंजी, मला होडी चालवायला शिकवा.”

तुम्हाला ठाऊक आहे, मी बादलीतल्या पाण्यालाही जपून असते. पण त्या एका वाक्यानं मामंजी उठून उभे राहिले. शिकवायला डोळे लागत नाहीत, तोंड लागतं, आणि ते त्यांचं ठणठणीत आहे. रविवारी निघालो. मी मागे, इंजिनाचा दांडा धरून. मामंजी मधे, माझ्याकडे तोंड करून. आणि हे पुढे, दोन्ही हातांनी कड घट्ट पकडून. मामंजी एकेक सांगत होते, दांडा डावीकडे नेलास की होडी उजवीकडे जाते. मी म्हटलं, हे तर घरातल्या पुरुषांसारखंच झालं. (वाऱ्यात कुणाला ऐकू गेलं नाही.) पहिला अर्धा तास इतका बरा गेला की मला माझं कौतुक वाटायला लागलं, आणि नेमक्या त्याच वेळी मी होडी गाळात घातली.

ओहोटी लागली होती. इंजिन वर घेतलं, वल्ह्यानं ढकलून बघितलं, हे उतरून गुडघ्यापर्यंत रुतले आणि एक चप्पल खाडीला देऊन वर आले. पाणी हटत गेलं आणि आम्ही तिघं नव्या रंगासकट चिखलावर बूड टेकून बसलो. भरती येईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. गल्ली नाही, सल्लागार नाही, ऑफिस नाही, उठून आत जायला खोली नाही. बगळे तेवढे होते. मामंजींनी विचारलं, “धक्का कुठं राहिला?” मी म्हटलं, समोरच तर आहे. “समोर म्हणजे?” मी बोट केलं. ते माझ्या बोटाकडेही बघेनात. मग म्हणाले, “मला नाही दिसत गं. गेल्या वर्षीपासूनच नाही.”

हे पुढे तोंड करून बसले होते, ते वळले नाहीत. तसेच म्हणाले, “बाबा, तो तांब्याचा रंग मी मुद्दाम आणला होता.”

“कळलं होतं मला.”

“कळलं होतं? मग बोलला का नाहीत?”

“तू किती दिवस खोटं खोटं घासतोस ते बघत होतो,” मामंजी म्हणाले. “बरं घासतोस. खरं घासलं असतंस तर आणखी बरं झालं असतं.” आणि हसायला लागले. हेही हसले. मला वाटतं हे दुसरंही काही करत होते, पण त्यांची पाठ होती आणि मी विचारलं नाही. भरती आली, होडी सुटली, मी ती धक्क्याला नेली. त्यातलं फारसं सांगण्यासारखं नाही. तिथल्या दोन माणसांनी बांबू आडवे धरले, एवढंच.

आता दर रविवारी जातो. मामंजी जेवतात, मला ओरडतात, दुपारी झोपतात. माझी स्कूटर सुटली. सगळं ठीक झालं, तेव्हा तुम्ही काळजी करू नका. भाऊजींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. रागलोभ कळवत जा. लोभ पत्रानं कळवा, राग फोनवर चालेल.

तुमची धाकटी जाऊ

ता. क. सगळं ठीक झालं असं वर लिहिलं आहे ते घाईत लिहिलं. होडीत बोललेलं मामंजींनी घरी येताच परत घेतलं. डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाले, त्या दिवशी ऊन तिरपं होतं, पाणी चमकत होतं, कुणालाच दिसलं नसतं. यांनी पुन्हा ‘बघू’ म्हटलं आहे.

ता. क. (दुसरा) खरं म्हणजे हे पत्र याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. मोठ्या सुनेचा शब्द ते मोडत नाहीत. तेव्हा तुम्ही त्यांना असं कळवा की डोळे तुम्हाला दाखवायचे आहेत, त्यासाठी तुम्ही इकडे येताय, इथले डॉक्टर चांगले आहेत असं ऐकलंय, भाऊजींना गुडघ्यामुळे येता येत नाही आणि सोबत कुणीतरी वडीलधारं हवं. ते टोपी घालून तुमच्या आधी रिक्षात बसतील. तिथे गेल्यावर ‘आलाच आहात तर तुमचेही दाखवून घेऊ’ एवढंच म्हणायचं. तुमचे डोळे उत्तम आहेत हे मला माहीत आहे. दोन दिवस ते जरा खराब ठेवा. भाऊजींना यातलं काही बोलू नका, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

ता. क. (तिसरा) पत्र पाकिटात घालताना मामंजी आले आणि म्हणाले, सूनबाईला दोन ओळी मीही लिहितो. मी वरचा कागद दडवून त्यांना शेवटचं पान दिलं आणि खाली मोकळी जागा दाखवली. तुमच्या हातातल्या या पानावर माझ्या अक्षरांवरून तिरकं, मोठ्या अक्षरांत काही गेलेलं दिसेल. ते आशीर्वाद आहेत. मी म्हटलं, मामंजी, खाली जागा होती. ते म्हणाले, “खालीच तर लिहिलंय.” तेव्हा लवकर या.